देठासकट

दुसऱ्याच आठवड्यात आजोबांनी एका डावात ३८ फुगे फोडले. व्यायामाच्या खोलीत बसलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या सूनबाईंनी मोबाइलवर चित्रण केलं आणि मी लॅपटॉपमागे उभी राहून आकडा वहीत लिहून घेतला. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र टाळी वाजवली नाही. त्या आजोबांच्या खुर्चीमागे गेल्या, दोन्ही तळवे त्यांच्या खांद्यांवर दाबून धरले आणि म्हणाल्या, "हं, आता फोडा."

आजोबांचा डावा हात मांडीवरून चार बोटं उचलला गेला आणि तिथेच थरथरत राहिला. पडद्यावरचे फुगे एकामागून एक वर निघून गेले. एकही फुटला नाही.

"अगं, हात खेळतच नाहीये," ताई मला म्हणाल्या. "कंबर खेळतेय."

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की शरीराची डावी बाजू लुळी पडते. काही आठवड्यांनी थोडी हालचाल परत येऊ लागते, पण सांगितलेलं काम हाताला जमत नसेल तर शरीर ते दुसरीकडून भागवतं. धड मागे आणि एका बाजूला कलतं, खांदा कानाकडे चढतो आणि त्यांच्याबरोबर हातही उचलला जातो. फिजिओच्या भाषेत याला कॉम्पेन्सेशन म्हणतात. पेशंट यात लबाडी करत नसतो. त्याला खरंच वाटत असतं की हात उचलला. मी मनगटाजवळ बांधलेल्या सेन्सरलाही तसंच वाटलं. जमिनीच्या तुलनेत हात किती कलला, एवढंच त्याला विचारलं होतं. हात कलला होता. सेन्सरनं खरं तेच सांगितलं आणि त्या खऱ्या आकड्यावर मी चुकीच्या गोष्टीसाठी गुण देत बसले.

त्याआधी नऊ वर्षं मी भोसरीत मोटारी आणि पंपांच्या बेअरिंगवर कंपनं मोजणारी उपकरणं बनवत होते. बेअरिंग झिजायला लागलं की त्याच्या थरथरीचा स्वर बदलतो; तो वेळेवर ओळखला तर मशीन बंद पडण्याआधी दुरुस्त होतं. मग मावशीला झटका आला. तिच्या व्यायामाच्या वेळी मी शेजारी बसत असे. हात उचला, खाली ठेवा, पुन्हा उचला. दहापर्यंत मोजून ती थकायची नाही, कंटाळायची. "काय मिळतंय यातून?" असं विचारायची, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. पुढे वाचनात आलं की अमेरिका आणि कॅनडातल्या काही केंद्रांमध्ये संशोधकांनी झटक्यानंतरच्या उपचारांची सत्रं शेजारी बसून पाहिली होती. त्यांचा लेख २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या सत्रांत हातानं काही काम करण्याचा सराव झाला, त्यांत त्या सरावाची सरासरी निघाली ३२ वेळा. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदू नव्यानं शिकताना दिसतो, तिथे ही संख्या शेकड्यांत असते. हे अंतर भरून काढायला खेळ उपयोगी पडेल असं मला वाटलं, आणि मी पुण्यातल्या एका पुनर्वसन केंद्रात ताईंना भेटायला गेले.

सेन्सर मला नवे नव्हते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एमपीयू-६०५० चं मॉड्यूल सहज मिळतं. त्यावरची खरी चिप ४ मिलिमीटर लांब-रुंद, ज्वारीच्या दाण्याएवढी. तिच्यात दोन यंत्रं आहेत. एक अ‍ॅक्सिलरोमीटर. तो टेबलावर निश्चल ठेवला तरी एका अक्षावर १६३८४ च्या आसपासचा आकडा दाखवत राहतो, म्हणजे १ जी, पृथ्वीची ओढ. चिप आडवी केली की तोच आकडा दुसऱ्या अक्षावर जातो. यावरून 'खाली' कुठे आहे ते त्याला सतत माहीत असतं. दुसरा जायरोस्कोप. त्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सारखा कंप पावत असतो. चिप वळली की कोरिऑलिसच्या परिणामामुळे तो बाजूला ढकलला जातो आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ ज्यामुळे गरगरतं, तोच हा परिणाम. एवढ्याशा चिपमध्ये तो रोज हाताळायला मिळतो याचा आनंद मला अजूनही होतो.

"कंबर खेळतेय" या ताईंच्या वाक्यानंतर एका सेन्सरऐवजी तीन डब्या केल्या. एक छातीच्या मधल्या हाडावर, एक दंडावर, एक मनगटाच्या जरा वर. प्रत्येकीत सेन्सर, मायक्रोकंट्रोलर आणि छोटी बॅटरी. आता जमिनीच्या तुलनेतला कोन मोजायचा नव्हता. छातीच्या तुलनेत दंड किती उघडला आणि दंडाच्या तुलनेत पुढचा हात किती सरळ झाला, ते हवं होतं. हे गणित क्वाटर्निअनमध्ये सोपं पडतं. १८४३ साली डब्लिनमधल्या एका पुलावरून जाताना हॅमिल्टनला सुचलेली ही चार आकड्यांची रीत. दोन्ही यंत्रांचं म्हणणं जुळवून त्यातून दिशा काढायला मॅजविकचा फिल्टर होता. कागदावर सगळं बसलं. खोलीत मात्र दहा मिनिटांनी पडद्यावरचा हात हळूहळू भिंतीकडे वळायचा आणि आजोबांचा खरा हात मांडीवर शांत असायचा.

याला ड्रिफ्ट म्हणतात. जायरो निश्चल असतानाही अगदी किंचित वळल्याचं सांगतो आणि ती किंचित चूक दर सेकंदाला साठत जाते. वर-खालची चूक गुरुत्वाकर्षण सुधारतं, कारण खालची दिशा पक्की असते. डावी-उजवी दिशा सुधारायला मात्र काही नसतं. मी होकायंत्राचं काम करणारा मॅग्नेटोमीटर जोडून पाहिला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे साधारण ४० मायक्रोटेस्ला, फार क्षीण. त्या खोलीत लोखंडी कॉट, चालायच्या सरावाचे लोखंडी बार, स्लॅबमधल्या सळ्या. शेजारून व्हीलचेअर गेली की आजोबांचा पडद्यावरचा हात तिच्या मागे जायचा. दोन महिने मी त्या लोखंडाशी गणितानं झगडले. तोडगा शेवटी ताईंच्या रोजच्या पद्धतीतच सापडला. प्रत्येक वेळी हात पुढे नेण्याआधी त्या पेशंटला हात मांडीवर आणून क्षणभर विसावा द्यायला लावतात, म्हणजे ताठलेले स्नायू सैल पडतात. तो क्षण मी उचलला. हात मांडीवर, धड सरळ, वळण्याचा वेग शून्याजवळ: सेन्सरनं इथेच समोरची दिशा नव्यानं ठरवायची. मॅग्नेटोमीटर काढून टाकला. चूक साठायला आता काही सेकंदच मिळत होते.

याच काळात माझ्या हातून जे झालं ते सांगायलाच हवं. पट्टे माझ्या गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घेतले होते; रुंद इलॅस्टिक, टोकाला वेल्क्रो, मध्ये डबीसाठी खिसा. पट्टा सैल राहिला की दंडावर फिरतो आणि आकडे बिघडतात, म्हणून मी तो आवळून बांधत असे. एके दिवशी पट्टा सोडल्यावर आजोबांच्या मनगटावर लाल खाच दिसली, कडेला त्वचा किंचित सोललेली. मी घाबरून विचारलं, "आजोबा, दुखलं कसं नाही?" ते म्हणाले, "बाय, त्या हाताला कळतंय कुठे?" झटक्यानंतर हालचालीबरोबर अनेकदा स्पर्शही जातो, हे मी वाचलं होतं. वाचलेलं आणि समोर दिसलेलं यांत अंतर असतं. बेअरिंगवर सेन्सर बोल्टनं पक्का आवळायची मला सवय होती. ताई मला ओरडल्या नाहीत. त्यांनी स्वतःचं बोट पट्ट्याखाली सरकवून दाखवलं: एक बोट जायलाच हवं, आणि प्रत्येक सत्रानंतर पट्ट्याखालची त्वचा बघायची. आकडे बिघडणार असतील तर बिघडू देत. ते सावरायचं काम माझं. पुढे मी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला पट्टा कुठे फिरलाय ते दोन सोप्या हालचालींवरून ओळखायची सोय फर्मवेअरमध्ये केली. ती करायला तीन आठवडे लागले. खाच भरायला आठ दिवस.

फुग्यांच्या खेळात आणखी एक दोष होता आणि तो मला बऱ्याच उशिरा कळला. खेळ वेगाचा होता. फुगा निसटायच्या आत हात पोचला पाहिजे, हीच तर त्यातली मजा. पण झटक्यानंतर हातात जो ताठरपणा येतो, तो हालचालीच्या वेगाबरोबर वाढतो. हात हळू उघडला तर कोपर उघडतं. झटक्यात उघडायला गेलं तर स्नायू आखडून ते परत मिटतं. म्हणजे घड्याळ लावून मी त्यांच्याच स्नायूंना त्यांच्या विरुद्ध उभं करत होते. २००६ साली निन्टेन्डोचा वी आला तेव्हा हातातल्या रिमोटमध्ये अ‍ॅक्सिलरोमीटर होता आणि घरोघरी लोक दिवाणखान्यात टेनिस खेळू लागले. उपचार केंद्रांनीही तो आणला. सोफ्यावर बसून नुसतं मनगट झटकलं तरी त्या टेनिसमध्ये चेंडू मारता येतो, हे खेळणाऱ्यांना लवकरच कळलं. करमणुकीसाठी त्यात काही बिघडत नाही. आमच्या खोलीत मात्र तो झटकाच नको होता. मी घड्याळ काढून टाकलं. वेळ काढल्यावर फुग्यांत काही रामच उरला नाही. आजोबा दोन दिवस मुकाट्यानं खेळले.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाय, फुगे कसले फोडतेस? आंबे काढ आंबे."

ते रत्नागिरीकडचे. चाळीसेक हापूसची कलमं, सगळी हयात त्यांच्याखाली गेलेली. झटका आल्यावर मुलानं पुण्याला आणलं. मी म्हटलं, ठीक आहे, फुग्याच्या जागी आंब्याचं चित्र टाकते. ते वैतागले. आंबा असा हात लावून काढतात होय? मग त्यांनी उजव्या हातानं हवेत बांबू धरून मला झेला समजावला. लांब काठी, टोकाला कडं आणि जाळी, कड्याला पातं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला तर त्यांच्या विशेष आवडीचा. आंबा जाळीत घ्यायचा, देठ पात्यावर आणायचा आणि बेतानं खेच द्यायची. हिसका दिला तर देठ मुळाशी तुटतो, चीक उडतो, सालीवर पसरून डाग पडतो. "डागाचा आंबा पेटीत जात नाही," ते म्हणाले. "आंबा देठासकट यायला हवा."

मी वहीत लिहिणं थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले. सावकाश, दोन्ही हातांनी, हिसका न देता, मध्ये थांबून, पुन्हा खाली आणून. ताई इतके दिवस मला जे सांगत होत्या, ते सगळं या एका कामात होतं, आणि त्यात सावकाशीला मान होता. हळू करणं इथे दुबळेपणाचं लक्षण नव्हतं, कसबाचं होतं.

पुढच्या आठवड्यात पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा घेऊन गेले, त्यावर चौथा सेन्सर. आजोबांनी तो हातात तोलला आणि परत दिला. वजन नाही म्हणाले. मग बांबू आणला. त्यांच्या डाव्या पंजात तो टिकत नव्हता, म्हणून ताईंनी क्रेप बँडेजच्या सैल वेढ्यांनी पंजा बांबूला धरून ठेवला. पडद्यावर एक फांदी, तिच्यावर आंबे. सेन्सरकडून आता मी हिसका मोजत होते, म्हणजे त्वरण स्वतः किती झपाट्यानं बदलतंय ते. मर्यादेच्या आत राहिलं तर आंबा देठासकट जाळीत. बाहेर गेलं तर आंबा पडतोच, पण डागाचा, तो वेगळ्या टोपलीत. धड ठरल्यापेक्षा जास्त कललं तर फांदी तेवढीच मागे सरकायची. सुरुवातीला मी तिथे लाल फुली दाखवत होते. ती बघितली की ते बांबू खाली ठेवायचे. फुली काढली. फांदी लांब गेली हे त्यांना दिसतच होतं. मग ते आपणहून पाठ टेकवायचे. गुणांचे आकडेही काढले. पाच डझनांची पेटी भरायची, बस. पाच डझन म्हणजे हात ६० वेळा. आजोबांनी ते कधी मोजलं नाही.

ताईंना मात्र एक शंका होतीच. बांबू दोन्ही हातांत आहे, मग उजवा हात डाव्याला ओढून नेत नसेल कशावरून? मी कोनांचे आलेख काढून बसले. कोपर छान उघडत होतं, दर वेळी, सफाईनं. पण ते कोण उघडतंय, हे त्या आलेखात नव्हतं. स्नायूनं ढकललं तरी कोन तेवढाच आणि दुसऱ्या हातानं ओढलं तरी तेवढाच. जोर मोजायचा तर स्नायूंतले विद्युतसंकेत टिपणारे वेगळे सेन्सर लागतात आणि ते आमच्याकडे नव्हते. ताई काय करायच्या, तर आजोबांच्या दंडाच्या मागच्या बाजूला, कोपर सरळ करणाऱ्या स्नायूवर, तळवा ठेवायच्या. स्नायू आपणहून आवळला की त्यांना तळव्याखाली कळायचं. "आत्ता. हा तुमचा. पुन्हा. हा नाही, हा उजव्याचा."

मी त्यांच्या दुसऱ्या हातात एक बटण दिलं. डावा स्नायू खरंच कामाला लागला असं जाणवलं की त्यांनी ते दाबायचं. त्या वेळी आलेला आंबा पडद्यावर पिकलेला दिसायचा, एरवी हिरवा. यंत्राच्या नोंदीत कोन, वेग, हिसका यांच्या रकान्यांशेजारी एक रकाना वाढला: ताईंचा तळवा. एका तंत्रज्ञ मित्रानं ती नोंदवही पाहून विचारलं, हा कुठला सेन्सर? मी त्याला केंद्रात यायला सांगितलं. आला, दोन तास बसला आणि जाताना बांबूवरच्या डबीची सैल झालेली वायर स्वतः टाका मारून देऊन गेला. माझ्या सगळ्या नोंदींमध्ये मला त्याच रकान्याचा सगळ्यात जास्त भरवसा वाटतो. इतर तीन रकाने वाचायचे कसे, ते त्यानंच शिकवलं. पहिल्या महिन्यात पेटीतल्या ६० आंब्यांत पिकलेले चार-पाच असायचे. तिसऱ्या महिन्यात अर्धी पेटी पिवळी दिसू लागली.

आजोबांचं कोपर पूर्ण सरळ झालं नाही. बोटं अजून नीट उघडत नाहीत. पण जेवताना डाव्या हातानं ताट धरून ठेवतात, सदऱ्याच्या बाहीत तो हात स्वतः सरकवतात. गुढीपाडव्यानंतर ते गावी गेले, कलमांखाली खुर्ची टाकून बसायला. सूनबाई सांगत होत्या, गड्यांच्या हातातला झेला बघून तिथूनच ओरडतात.

गेल्या सोमवारी ताईंनी नव्या पेशंटकडे नेलं. साठीच्या आजी, सोलापूरच्या. उजवी बाजू गेलेली, बोलणं हळूहळू परत येतंय. मी पडद्यावर आंबे लावले होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि मान वळवली. ताईंनी विचारलं, "आजी, घरी काय काय करायचात?" त्या थोडा वेळ शब्द शोधत राहिल्या. मग डावा तळवा त्यांनी मांडीवर ठेवला, पसरला, जरासा फिरवला, पुन्हा थापला, पुन्हा फिरवला.

"भाकरी," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून माझ्यासमोर ठेवला. आंब्याचा सगळा प्रोग्राम मी बंद केला. भाकरी थापताना मनगट किती वळतं, तळव्याचा दाब कडेकडे कसा सरकतो, मला काहीच ठाऊक नव्हतं. पट्टा बांधला, खाली बोट घालून बघितलं आणि आजींच्या डाव्या हातावरही दुसरा पट्टा बांधला. तो हात सगळं जाणतो. आधी त्याच्याकडून शिकायचं होतं. ताईंनी पीठ मळायची परात मागवली.